धुतलेलं फडकं

काळी-पिवळी जीप चालवणारा माणूस कसा बसतो ते आधी सांगितलं पाहिजे, नायतं पुढचं काय समजणार नाय. पुढच्या सीटवर चार पाशिंजर, डायवर पाचवा. त्याच्या डाव्या बुडाखाली चार बोटं सीट, आन उजवं बूड दरवाजाच्या बाहेर वाऱ्यावर. गिअर टाकायचा तं कुणाच्या तरी दोन गुडघ्यांमधून हात घालून टाकायचा. देवळा ते मालेगाव, दिवसातून सहा खेपा. पावसाळा उलटल्यावर त्या रस्त्याला जे खड्डे पडायचे ते सगळे त्या एका बुडावर झेलायचे. पुंजादाजी असे बसायचे. ब्याण्णव सालापासून.

लंकाआक्का आमची थोरली बहीण, पुंजादाजी तिचा नवरा. माणूस लय बोलका. जीपमधी बसलेल्या माणसाला रडत असला तरी हसवायचा. म्हातारे मुद्दाम विचारायचे, "पुंजा, बूड कुठंय रे तुझं?"

"आर्धं गाडीत, आर्धं देवळ्यात ठिवलंय बाबा. संध्याकाळी घरी जाऊन जोडतो."

सगळी गाडी हसायची. त्यांची आई तानुबाई, ती सटाण्याकडची, अहिराणी बोलायची. ती म्हणायची, याले गाडी मिळनी म्हंजे जेवण नको. खरंच व्हतं ते. दाजींना दुसरं काय नको व्हतं. शेटची का व्हईना, पण हातात ती जीप पाहिजे.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांना माकडहाडाच्या खाली बेंड आलं. दोन बुडांच्या मधल्या फटीत, बरोब्बर तिथंच. उन्हाळ्याचं हाय म्हणाले. तानुबाईनं कांदा भाजून बांधला. तिसऱ्या दिवशी बेंड फुटलं, पण वाहायचं थांबेना. तशातच त्यांनी चार खेपा मारल्या आन मालेगावात पाशिंजर उतरवून तसेच गेले एका दवाखान्यात. घामानं अंग चिंब, लेंगा मागून भिजलेला.

बाकावर आठ-दहा जण बसलेले. त्यातले तिघं दाजींच्याच गाडीतून आलेले. तिथली नर्स बाहेर आली आन सगळ्यांसमोर म्हणली, "अहो, अंघोळ करून येता येत नाही का? किती वास येतोय! बाकीच्यांनी बसायचं की नाही इथे?"

त्या तिघांनी तोंडं फिरवली. एकानं तं नाकाला टोपी लावली.

जो माणूस कुणाचा शब्द खाली पडू द्यायचा नाय, त्याच्या तोंडून तिथं अवाक्षर निघालं नाय. डॉक्टरनं कापलं, पू काढला, पट्टी मारली. दाजी घरी आले, ओसरीवर पालथे पडले आन आक्काला म्हणाले, "लंके, इथून पुढं दवाखान्यात जायचं तं आधी धुवून काढायचं. सगळं. घाण घेऊन कुणाच्या दारात जायचं नाय."

"नाय जायचं," आक्का म्हणली.

तिथून ते सुरू झालं.

बेंड वरून बुजायचं आन दोन महिन्यांनी बोटभर अंतरावर दुसरं तोंड पडायचं. मंग तिसरं. उंदरानं बांध पोखरावा तसं आतून कुठून कुठं गेलेलं कुणास ठाऊक. दवाखान्यात जायचा दिवस आला की आक्का पहाटे तपेलं चढवायची, त्यात निंबाचा पाला. दाजी खाटेवर पालथे. आक्का दोन्ही बाजूंनी दाबायची, आधी पू, मंग रगत, मंग नुसतं पाणी यायचं तवर. दाजी उशी चावायचे. मंग निंबाचं पाणी आत सोडायचं, हळद भरायची, जुन्या पातळाचं मऊ फडकं घडी करून बांधायचं, वरून धुतलेला लेंगा, इस्तरीचा सदरा. लग्नाला निघाल्यासारखे दाजी दवाखान्यात जायचे.

डॉक्टर बघायचा आन म्हणायचा, "वा! जखम अगदी स्वच्छ आहे. ड्रेसिंग कोण करतं?"

"मंडळी."

"शाब्बास म्हणावं त्यांना."

आक्का बाहेरच्या बाकावर बसलेली असायची. पुरुषाची तसली जागा, तिथं बाईमाणसाला आत कोण घेणार. दाजी बाहेर येऊन सांगायचे, डॉक्टरनं शाब्बास म्हणलंय तुला. आक्काला ते लय दिवस पुरायचं. शेजारच्या सखुबाईला तिनं ते चार वेळा तरी सांगितलं असंल, कशाची जखम ते न सांगता.

शहाण्णवला मालेगावात पहिलं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, हा जीपवाल्यांचा रोग हाय. सारखं बसून, आदळून, घाम येऊन तिथला केस कातडीच्या आत शिरतो आन पू करतो. तेवढा भाग खरवडून काढला की संपलं. दाजींना ते पटलं. म्हणाले, एवढा मी, आन एका केसानं आडवा केला. सहा आठवडे पालथे पडून राहिले. भरलं. पुन्हा गाडीवर बसले. पाचव्या महिन्यात टाक्याच्या शेजारी नवीन तोंड.

आठ्ठ्याण्णवला नाशिकला दुसरं ऑपरेशन. त्या डॉक्टरनं शंका आली म्हणून पू तपासायला पाठवला. पू कसला, त्या दिवशी सकाळीच आक्कानं सगळा काढलेला, वरून दाजींच्या पोटात आठ दिवसांच्या जंतू मारायच्या गोळ्या. कापसाची काडी फिरवून जे काय ओलं लागलं ते पाठवलं. दोन दिवसांनी कागद आला. काही उगवलं नाही. डॉक्टर म्हणाला, चांगलंच हाय, जंतू नाय. घरी येऊन दोघांनी तो कागद देवापाशी ठिवला.

जंतू नाय, पण पू हाय. मंग कुणीतरी म्हणलं, टीबी असंल. तिथंबी टीबी होतो म्हणे. नऊ महिने त्या गोळ्या खाल्ल्या. लघवी लाल झाली, तोंडाची चव गेली, भोकं जशीच्या तशी. मधी एका बंगाली डॉक्टरकडं जाऊन आले, बिगर ऑपरेशन भगंदर बरं करणारा. त्यानं काय भरलं देव जाणे, चार दिवस दाजी भिंत धरून उभे व्हते.

आता फडक्याचं सांगते.

दिवसाला दोन फडकी, कधी तीन. ती धुवायला आक्का सार्वजनिक नळावर कधी गेली नाय. घरामागं एक दगड व्हता, न्हाणीच्या आडोशाला, तिथं ती धुवायची. पहिल्या वर्षीच तिच्या ध्यानात आलं की पू निघून जातो, रगत निघून जातं, पण शेवटी फडक्याच्या घडीत काहीतरी राहतं. पिवळे दाणे. भगरीएवढे, काही त्याहून बारीक. तिला वाटलं हळदीच्या गुठळ्या. म्हणून तिनं महिनाभर हळद भरली नाय. तरी दाणे. दोन बोटांत चोळले तं विरघळायचे नाय, नखाखाली करकर लागायचे. चुन्याच्या खड्यासारखे.

एकदा तिनं दाजींना सांगितलं, "अहो, तुमच्या जखमेतून दाणे पडतात."

"कसले दाणे?"

"पिवळे. भगरीसारखे."

दाजींनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. मंग म्हणाले, "चतुर्थीला करून घाल मंग मला."

आक्का हसली नाय. तेव्हा ते चिडले. "हे बघ लंके, बाहेर कुठं बोलू नको. आधीच लोकं काय काय बोलतात. आता पुंजाच्या बुडातून धान्य पडतं म्हणून गावभर व्हायचं."

आक्कानं बाहेर कुठं सांगितलं नाय. एकदाच, नाशिकच्या दवाखान्यात, गोळ्या देणाऱ्या कंपाऊंडरला हळूच म्हणली, भाऊ, त्यातून दाणे येतात. तो म्हणला, "मावशी, डॉक्टरला जखम दिसते ना? मग डॉक्टरला कळतं." पुढचा नंबर पुकारला. आक्का पदर सावरून बाजूला झाली. तिला वाटलं, खरंय, शिकलेली माणसं हायेत, दाणे असते तं त्यांना दिसलेच असते. पण त्यांना कुठून दिसणार? आक्काच ते दिसायच्या आत धुवून टाकत व्हती.

नव्व्याण्णवला जीप सुटली. गचका बसला की दाजींच्या डोळ्यांपुढं काळं यायचं. एकदा सौंदाण्याच्या अलीकडं गाडी कडंला गेली, पाशिंजर ओरडले. त्याच दिवशी शेटनं चावी काढून घेतली आन चंदरला दिली. चंदर म्हंजे दाजींनीच गाडी शिकवलेला, भावकीतला, माणूस चांगला. दाजी स्टँडवर नंबर लावायला लागले. दिवसभर उभं राहून ओरडायचं, चला मालेगाव, मालेगाव, एक सीट, एकच सीट! उभं राहायचं काम म्हणून जमलं. चंदरची गाडी भरली की दाजी बोनेटवर थाप मारायचे आन गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहायचे. आक्काला म्हणायचे, एकदा बरं झालं ना लंके, की दोन्ही बुडांनी बसून घेऊन जाईन गाडी मालेगावला. पुढं पाशिंजरच घ्यायचा नाय. निस्ती तू.

ते जेवायचे उभ्यानं. देवाला जायचे तं उभे. लग्नाच्या पंगतीत हातात ताट घेऊन खांबाला टेकायचे आन म्हणायचे, डायवर माणूस, जन्मभर बसलो, आता जरा उभा राहतो. लोकं आधी हसली. मंग "उभा पुंजा" नाव पडलं. दोन हजार सालात मीनाची, म्हंजे पोरीची, बोलणी आली. पाहुणे सतरंजीवर बसले. दाजी दाराशी उभे. मुलाचा चुलता दोनदा म्हणला, बसा की सोयरे. दाजी म्हणाले, नाय, ठीक हाय. तिसऱ्यांदा त्यानं हाताला धरून बसवलं. दाजी बसले. कपाळावर घाम आला आन दोन मिनिटांत सतरंजीवर ओल आली. आक्कानं चहाचा ट्रे तिथंच टेकवला, दाजींना आत नेलं. पाहुण्यांनी चहा घेतला नाय. निरोप आला की सोयऱ्याला काहीतरी मोठा रोग हाय. मीनाचं पुढं दोन वर्षांनी लांब जळगावकडं झालं, तिथं कुणाला काय माहीत नव्हतं.

पाहुणे गेले त्या रातच्याला आक्कानं सतरंजी धुतली. तिच्यातबी दाणे व्हते.

दोन हजार तीनला पाय सुजले. आधी घोटे, मंग पिंडऱ्या. बोटानं दाबलं तं खळगा पडायचा आन तसाच राहायचा. सकाळी डोळ्यांच्या पापण्या फुगलेल्या. लघवीला साबणासारखा फेस. उभं राहून पायात पाणी उतरलं असं सगळे म्हणायचे. चंदरच्या ओळखीनं नाशिकला एका नव्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. तरणी पोर, मीनाच्याच वयाची वाटावी. नेहमीसारखं पहाटे तपेलं, निंबाचा पाला, धुतलेला लेंगा.

सुजलेल्या पायांनी दाजींना टेबलावर चढता येईना. बाईनं दार उघडून हाक मारली, "मावशी, आत या. धरा यांना जरा."

नऊ वर्षांत आक्का पहिल्यांदा आत गेली.

बाईनं जखम बघितली. चार तोंडं, आजूबाजूची कातडी लाकडासारखी टणक आन निळी पडलेली. तिनं दाबून बघितलं. थेंबभर पाणी आलं.

"जखम तर स्वच्छ आहे. पू येतो म्हणता, तो कुठे आहे?"

"सकाळीच काढला ना सगळा," आक्का म्हणली. आन तिनं सगळं सांगितलं. निंबाचं पाणी, दाबणं, फडकं. सांगताना तिला वाटत व्हतं, आता ही बी शाब्बास म्हणंल.

बाईनं पेन खाली ठिवला. "दर वेळी असं धुवून येता?"

"दर वेळी. एकदा बी घाण घेऊन नाय आलो कुठं."

"आणि जे निघतं ते कसं असतं? नुसता पू?"

आक्कानं दाजींकडं बघितलं. ते पालथे, तोंड भिंतीकडं. तिकडून ते एवढंच म्हणाले, "लंके."

आक्कानं नजर बाईकडं वळवली. मंग बोलली. "दाणे असतात बाई. पिवळे, भगरीएवढे. पाण्यात विरघळत नाय. नखाला करकर लागतात. पहिल्यापासून हायेत."

"हे आधीच्या डॉक्टरांना सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं नाय. आन आमीबी नाय बोललो."

बाईनं पेन उचलून ते लिहून घेतलं. मंग म्हणली, सगळ्या गोळ्या बंद. आठ दिवस जखम धुवायची नाय, दाबायची नाय. वर कोरडं फडकं ठेवायचं आन शेवटचे दोन दिवस तेच ठेवून, काहीबी न करता, तसंच यायचं. फडकं न बदलता.

घरी आल्यावर दाजी म्हणाले, "मी नाय जाणार."

"का?"

"असा नाय जाणार. एकदा गेलो व्हतो असा. नागडा नेलास तं येईन, असा नाय."

आक्कानं आयुष्यात दाजींना उलट बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी सखुबाईनं भिंतीपलीकडून ऐकलं. "नऊ वर्षं मी धुते. माझ्या हातांना वास येत नाय का? भाकरी थापताना येत नाय का? मी कधी पदर लावला नाकाला? मंग लोकांनी लावला तं लावू द्या. तुम्हाला गाडीवर बसायचंय का नाय ते सांगा. नायतं राहा उभे मरेस्तोवर."

दाजी भिंतीशी उभे व्हते. मंग म्हणाले, "येष्टीनं जाऊ. चंदरच्या गाडीत नको. तो शिकलाय माझ्याकडं."

सातची नाशिक गाडी, सोमवारची, खच्चून भरलेली. दाजी मागच्या दांडीला धरून उभे. भावडबारीच्या घाटात येईपर्यंत वास सगळ्या गाडीत पसरला. एका बाईनं पोराचं तोंड पदरात घेतलं. कुणीतरी खिडक्या उघडा म्हणून ओरडलं. पाय ठेवायला जागा नसलेल्या त्या गाडीत दाजींच्या भोवती जागा झाली, नवरदेवाला पाटावर उभं केल्यासारखी. एक म्हातारा निरखून बघत व्हता. म्हणला, "पुंजा ना तू? जीपवाला?" दाजी म्हणाले, "नाय बाबा. तो गेला." आक्का त्या मोकळ्या जागेत शिरली आन त्यांच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. चांदवड, वडाळीभोई, पिंपळगाव, ओझर, पार नाशिकपर्यंत.

डॉक्टरीणबाईनं नाकाला काय लावलं नाय. फडकं उजेडात धरलं, चिमट्यानं दाणे वेचले, गहू निवडावे तसे. एक दाणा दोन काचांमधी चिरडला, त्यावर रंग टाकला, दुर्बिणीत बघितलं. लय वेळ बघितलं. मंग म्हणली, "मावशी, या. तुम्ही बघा."

आक्कानं एक डोळा मिटला. आत झेंडूचं फूल दिसावं तसं काहीतरी. मधी गच्च, आन कडंनं बारीक बारीक किरणं निघालेली.

बाईनं समजावून सांगितलं. हा जंतू सगळ्यांच्याच तोंडात, आतड्यात राहतो. तिथं तो कुणाचं काय बिघडवत नाय. जखमेतून कातडीखाली शिरला की मंग हळूहळू पोखरत जातो, वर्षानुवर्षं. या जागी तो सहसा सापडत नाय, म्हणून कुणी त्याला शोधत बी नाय. त्याला हवा सोसत नाय. बंद डब्यात, हवेशिवाय वाढवायचा, आन उगवायला दोन आठवडे घेतो. दोन दिवसांत बघितलं तं काय उगवलेलं नसणारच.

"म्हंजे देवापाशी ठिवलेला कागद खोटा व्हता?" आक्कानं विचारलं.

"खोटा नव्हता. लवकर पाहिला होता. आणि त्यांना दाणे मिळाले नव्हते. दाण्यातच असतो तो."

"दाणे माझ्यापाशी व्हते," आक्का म्हणली.

बाईनं औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली.

औषध कुठलं, तं पेनिसिलीन. तानुबाईच्या तरुणपणापासून असलेलं. सहा आठवडे शिरेतून, मंग वर्षभर गोळ्या. दुसऱ्या महिन्यात दोन तोंडं मिटली. पाचव्या महिन्यात चारही. कातडी मऊ पडली. आक्का सकाळी फडकं काढायची तं कोरडं. तरी ती ते धुवायची, सवयीनं, आन दगडावर पसरून बोटानं चाचपायची. काय नसायचं.

पण पहिल्याच दिवशी बाईनं लघवी तपासली व्हती. तिनं आक्काला बाजूला घेऊन सांगितलं, इतकी वर्षं अंगात पू राहिला की किडनीवर एक थर बसत जातो. त्यानं पाय सुजलेत.

"तो धुवून निघतो का?"

"नाही मावशी."

हे आक्कानं दाजींना सांगितलं नाय. त्यांना कळलंच असंल.

दोन हजार चारच्या दिवाळीत दाजी स्टँडवर गेले. चंदरची गाडी रिकामी उभी व्हती. म्हणाले, चावी दे. चंदरनं दिली. दाजी चढले आन बसले. सीटच्या मधोमध, दोन्ही बुडं टेकवून, खाली काय घडी नाय, काय नाय. जरा इकडं तिकडं सरकून बघितलं. मंग एकदम ओरडले, "चंद्या, दोन्ही आली बघ रे! जोडली!" स्टँडवरचे सगळे हसले. दाजींच्या डोळ्यांना पाणी आलं. आक्का पलीकडून चढून शेजारी बसली.

"चला मालेगाव," ती म्हणली.

दाजींनी क्लचवर पाय ठिवला. चपलेत पाय मावत नव्हता म्हणून पायात फडकं गुंडाळलेलं. पाय घोट्यात वाकेना. दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा हातानं गुडघा ढकलून दाबला. सुटला, गाडी गचका खाऊन बंद पडली. दाजी स्टिअरिंग धरून बसून राहिले. चंदर म्हणला, "नाना, असू द्या, मी घेतो." दाजी म्हणाले, "बसू दे रे जरा. बसायला तं येतंय." अर्धा तास बसले. पाशिंजर खाली उभे राहून थांबले.

मंग आठवड्यातून दोनदा नाशिक, रगत धुवायच्या मशीनवर. तीन महिने. फेब्रुवारी सरता सरता गेले.

अंघोळ घालायला भावकीतले पुरुष जमले. अंगणात पाणी तापत व्हतं. जयरामतात्यांनी पालथं करून पाठ चोळली आन म्हणाले, "काय निर्मळ देह हाय बघा. एवढं दुखणं काढलं पण अंगावर कुठं ओल नाय." आतल्या बायांनी ते उचललं. कमळाबाई म्हणली, लंकाबाईनंच ठिवला एवढा स्वच्छ, शेवटपर्यंत. दुसरी म्हणली, असं करणारी बायको मिळायला भाग्य लागतं. आक्का कोपऱ्यात बसलेली, रडत नव्हती. ते ऐकून उठली. फळीवरून फडक्यांचा ढीग काढला, सगळी धुतलेली, उकळलेली, चौकोनी घड्या घातलेली. अंगणात गेली आन त्या पाण्याखालच्या जाळात टाकली. सगळी. कुणी आडवलं नाय. दुःखानं करतीय असं वाटलं लोकांना.

दहाव्याला पंगत बसली. चंदर चौथा, भिंतीकडून. आक्का वाढत व्हती. तिनं बघितलं, चंदर बसताना आधी डावीकडं कलला, मंग एक हात टेकून हळूच खाली आला, आन उजवी बाजू उचललेलीच ठिवली. आक्का भाताचं पातेलं घेऊन त्याच्यासमोर थांबली.

"चंदर, बेंड झालंय का?"

पंगतीतले वळून बघायला लागले. चंदरचे कान लाल झाले. "काय वयनी, चार लोकांत. जेवू द्या."

"कधीपासून?"

"काय नाय हो. उन्हाळ्याचं हाय. बसेल आपोआप."

"उद्या नाशिकला जा. त्या बाईकडं. अंघोळ करू नको, धुवू नको, तसाच जा. न धुतलेलं फडकं पिशवीत घालून संगं ने."

कुणीतरी तोंडात हसलं. जयरामतात्या म्हणाले, "लंके, अगं आज काय बोलतीस, जागा बघ, वेळ बघ." चंदरनं सदरा मागून खाली ओढला आन मान खाली घालून जेवला. हात धुतला, निघाला. आक्का त्याच्यामागं स्टँडपर्यंत गेली. गाडी भरलेली व्हती, पुढं चार जण. चंदर चढला. डावं बूड चार बोटं सीटवर, उजवं बाहेर. जागा नव्हती म्हणून तसा बसला, का दुखत व्हतं म्हणून, ते काय कळायला मार्ग नव्हता. आक्का गाडीबरोबर चार पावलं चालत गेली, "चंदर, जाशील ना?" म्हणत. गाडीच्या आवाजात त्याला ऐकू आलं का नाय कुणास ठाऊक. त्यानं हॉर्न वाजवला.